शेवटच्या डब्यातून

२ मे, जहाजावर

चिरंजीव,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, ही माझी पहिली भीती. म्हणून पत्ता आमच्या जहाजावरच्या पियानोवाल्याकडून लिहून घेतला आहे. त्याचं अक्षर वळणदार आहे, एखाद्या बाईचं वाटावं असं. तेवढ्या आशेनं तरी फोडशील.

तुझी आई म्हणाली, "फोन करू नका. फोनवर तुम्ही बापलेक ऐकायच्या आधीच बोलायला लागता. लिहा. कागदाला आवाज चढवता येत नाही." पत्ताही तिनंच दिला, खूप आढेवेढे घेऊन. तू तिला फोन करतोस आणि मी घरात आहे असं कळलं की "ठेवतो" म्हणतोस, हे मला माहीत आहे. मी सुट्टीवर असलो आणि फोन वाजला की पायात चपला घालून बाहेर जाऊन उभा राहतो, म्हणजे तुमचं बोलणं होईल. हे तुला माहीत नसेल.

आता मुद्द्याचं. एकोणीस तारखेला आमचं जहाज तुझ्या बंदराला लागतं. सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. आजवर दर उन्हाळ्यात लागलं, आणि मी दरवेळी खाली लॉन्ड्रीत चादरी घड्या करत बसलो. उतरलो नाही. उतरून बंदराकडे बघायची हिंमत नव्हती. पण यानंतर जहाज या बाजूला येणार नाही, कंपनीनं मार्ग बदलला आहे. आणि ही फेरी संपली की मीही घरी. माझ्या वयाच्या इस्त्रीवाल्याला कंपनी पुन्हा बोलावत नाही. म्हणजे एकोणीस तारीख आपल्याला एकच आहे.

बंदरापासून शहर आगगाडीनं दोन तासांवर आहे म्हणे. मी येणार आहे.

यायला बंदी आहे, तेही सांगून ठेवतो. पाच वर्षांपूर्वी तू याच जहाजावर कामाला असताना गेलास, त्यानंतर नियम झाला : काम करणाऱ्यांनी बंदराच्या गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पाहुणे खुशाल शहर बघून येतात, आपल्याला वेशीच्या आत राहायचं. नियमाच्या कागदावर तुझं नाव नाही, पण तो कुणामुळे झाला हे जेवणाच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. नवी पोरं मला मागून "पळ्याचा बाप" म्हणतात. ऐकू येत नाही असं दाखवतो. मशीनच्या आवाजात कान गेले, असं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, त्याचा इथं उपयोग होतो.

मी तुला परत चल म्हणायला येत नाही. रागवायलाही येत नाही. मला एकच गोष्ट तुझ्या तोंडून ऐकायची आहे. त्या दिवशी तू आईला सांगितलंस की शहर बघायला निघालास, गाडीत झोप लागली, आणि भलत्याच गावात जाग आली, म्हणून जहाज चुकलं. मी तेव्हा म्हणालो, आणि अजून म्हणतो, की शहराची गाडी शहरालाच जाते. झोपलेला माणूस झोपेतच शहरात पोचेल. भलत्या गावाला कसा जाईल? पळायचंच होतं तर मला सांगून पळायचं. मी अडवलं असतं, पण निदान धक्क्याकडे बघत उभा राहिलो नसतो.

एकदा माझ्या डोळ्यांत बघून सांग. मग पटलं नाही तरी मी गप्प बसेन.

त्या मोठ्या स्टेशनात हरवलेल्या सामानाची एक खिडकी आहे, तिथं गर्दी नसते, असं पियानोवाला म्हणाला. मी त्याला विचारलं, "भेटायला दुसरी जागा नाही का?" तर म्हणतो, "काका, तुमच्यासाठी तीच बरी." त्याला काहीच माहीत नाही, सहज बोलला. पण तिथंच थांब. मी सकाळच्या गाडीनं येतो.

नाही आलास तरी मी खिडकीपाशी उभा राहीन, आणि वेळ झाली की परत जाईन.

बाबा


१९ मे, सकाळ, गाडीत

लॉन्ड्रीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहितो आहे. पुढं शर्ट, विजार, झगा असं छापलेलं आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. भेट झाल्यावर हे तुझ्या हातात देईन, किंवा फाडून टाकीन.

सकाळी मी शिडीवरून उतरत होतो तेव्हा आमचा लॉन्ड्रीमास्तर खाली उभा. वयानं तुझ्याहून थोडा मोठा असेल. म्हणाला, "काका, आज कुणीकडे? पाच वर्षांत तुम्हाला उन्हात पाहिलं नाही."

"जरा पाय मोकळे करून येतो."

"करा की. पण पायांना सांगून ठेवा, गावाबाहेर जायचं नाही."

"म्हातारे पाय आहेत, सांगितलेलं ऐकतात," असं मी म्हणालो. तो हसला. मी हसलो नाही. माझ्या आयुष्यात मी जेवढं खोटं बोललो असेन ते एका मुठीत मावेल, आणि त्यातलं हे एक. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला देवाचा फोटो सकाळी डोळ्यांसमोर आला. जहाजावर आग नको म्हणून दिवा लावायला बंदी आहे, तर मी रोज डोळे मिटून मनातच लावतो. आज मिटले, पण ज्योत स्थिर राहिना.

पासपोर्ट तर जहाजाच्या तिजोरीत. माझ्याजवळ फक्त गळ्यातलं कार्ड, ते शर्टाच्या आत ढकललं आहे. जहाज नसलं तर ते नुसतं प्लास्टिक. या देशात कुणी विचारलं, तू कोण, तर दाखवायला माझ्याकडे स्वतःचं तोंड सोडून काही नाही.

स्टेशनवर आमचेच पाहुणे भरलेले. सगळ्यांच्या छातीवर हिरवी गोल चिकटपट्टी, आणि पुढं झेंडी घेतलेली वाटाडी बाई. त्यांच्यातल्या एकानंही मला कधी पाहिलेलं नाही, आणि मी त्यांच्या तोंडांना ओळखत नाही. पण शर्ट ओळखीचे निघाले. एक निळा रेघांचा, ज्याच्या कॉलरवरचा डाग काढताना मी दोनदा देवाचं नाव घेतलं होतं. तो शर्ट माझ्या शेजारून गेला तेव्हा मी मान खाली घातली. शर्ट मला ओळखेल अशी भीती वाटली. हसशील, पण खरंच वाटली.

ते सगळे पुढच्या डब्यांकडे गेले. मी मागं गेलो, अगदी शेवटच्या डब्यात. तुला आठवतं, तुझ्या पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं? पाहुणे पुढं, आपण मागं. मागचा जिना, मागचं दार, मागचा बाक. मागं बसलेल्याला कुणी उठवत नाही. तू म्हणालास, "कळलं बाबा, शेपटीला धरून राहायचं." तुझ्या बोलण्याची तऱ्हाच तशी.

डब्यात पाचसहा माणसं. कुणी कुणाशी बोलत नाही. बाहेर शेतं, गोदामं, वाळत घातलेले कपडे. कपडे कसे वाळत घातलेत ते बघत आलो. एका घरी चादर ओली असताना झटकलेली नव्हती, तिच्या सुरकुत्या आता आठवडाभर जाणार नाहीत. असल्या गोष्टींवर लक्ष ठेवलं की वेळ जातो.

तुला काय विचारायचं ते घोकत आहे. आई म्हणाली, "विचारायच्या आधी दहा वेळा गिळा." मी आतापासूनच गिळतो आहे. तू खिडकीपाशी नसशील, ही एक भीती. असशील, ही दुसरी. दुसरी मोठी आहे. कारण तू समोर उभा राहून डोळ्यांत बघून म्हणालास, होय बाबा, पळालो, तर मी काय करीन? आजवर मला ते नक्की माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. आता गाडी जवळ जाते आहे तसं वाटतं, माहीत नव्हतं तेच बरं होतं.

गाडी थांबली आहे. मोठं स्टेशन दिसतं, पण शहर नाही. अजून वेळ आहे. भोंग्यावर काहीतरी लांबलचक सांगताहेत. माझ्यापुढची बाई उठून उतरली आणि पळत पुढच्या डब्यात चढली. का, कळलं नाही. जागा चांगली हवी असेल. खाली कुठंतरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला.

सुटली वाटतं. नाही. पुढचे डबे सरकताहेत. माझ्या खिडकीसमोरचा खांब मात्र जागचा हललेला नाही. पुढचे डबे


१९ मे, दुपार, एका लहान स्टेशनच्या बाकावर

बाळ,

तू खरं बोलत होतास.

हे आधी लिहून ठेवतो. पुढं काय होईल ते होवो, चिठ्ठी कुणाच्याही हाती पडो, पहिली ओळ ही असू दे.

ती गाडी मधल्या स्टेशनवर तुटते. पुढचे डबे शहराला जातात, मागचे दुसऱ्या रुळावरून दुसरीकडे. शहराची गाडी शहरालाच जाते, हे मी पाच वर्षं कोळसा उगाळावा तसं उगाळत बसलो. अर्धी गाडी जाते. अर्धी नाही जात. आणि माझ्यासारख्या माणसाला, तुझ्यासारख्या माणसाला, कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की मागं बस.

मला हे तिकीट तपासनिसानं समजावलं. गाडी पुन्हा सुटल्यावर तो आला. माझं तिकीट उलटंपालटं करून बघितलं आणि मान हलवली. मला त्याची भाषा कळेना, त्याला माझी. मग त्यानं दोन्ही हात जोडून माझ्यासमोर धरले. मला वाटलं नमस्कार करतो आहे, म्हणून मीही केला. तो हसला नाही. त्यानं ते जोडलेले हात हळूच वेगळे केले, एक इकडे, एक तिकडे. मग इकडच्या हाताकडे बोट केलं आणि माझ्याकडे बोट केलं.

बाळ, घाम फुटणं म्हणजे काय हे मला आज कळलं. वाफेच्या खोलीत जन्म गेला, पण तो घाम वेगळा. कानात नुसती शिट्टी. गाडी थांबेना. शेतं संपली, झाडी लागली, झाडीतून एकटीच पळते आहे. मी उभा राहून दाराच्या कडीला धरलं. तपासनिसानं माझा हात कडीवरून काढला आणि मला खांदा दाबून खाली बसवलं. त्याला वाटलं, मी उडी मारतो की काय. मला स्वतःलाही तसंच वाटलं होतं.

हे गाव म्हणजे एक फलाट, एक बाक आणि एक बंद खोली. फलाट पुसणारी एक बाई होती. मी तिला मनगट दाखवून, तोंडानं गाडीचा आवाज काढून विचारलं, परतीची कधी? तिनं पुसणं खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि पाण्याची बाटली आणून दिली. मग वेळापत्रकावर बोट ठेवलं. बऱ्याच वेळानं आहे. माझ्या अवताराकडे बघून तिनं काय समज करून घेतला कोण जाणे, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं. माझ्याहून लहान असेल वयानं.

आता काय होणार ते मी मांडून पाहिलं. परतीची गाडी मला त्या मधल्या स्टेशनवर सोडेल. तिथून एक रूळ शहराकडे, तुझ्याकडे, आणि एक रूळ बंदराकडे. शहराकडे गेलो तर जहाज चुकलं. आणि जहाज चुकलं तर लोक म्हणतील, खाण तशी माती. पाच वर्षांपूर्वी मुलगा पळाला, आता बाप पळाला. तुझ्या आईला पुन्हा कंपनीचा फोन जाईल. ती पुन्हा भिंतीला टेकून खाली बसेल.

तू अशाच बाकावर बसला असशील. वय काय होतं तुझं. पाण्याची बाटली तरी कुणी दिली का तुला?

मी देवाजवळ एरवी काही मागत नाही. द्यायचं ते तो न मागता देतो, असं माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. आज मागितलं. आणि तोंडून पहिलं काय निघालं तर, जहाज चुकू देऊ नकोस. तुझी भेट नंतर आठवली. हे मी लपवू शकलो असतो. पण आज खरं काय नि खोटं काय यावरच सगळं आहे, तेव्हा हेही लिहितो.

रूळ वाजायला लागलेत.


१९ मे, संध्याकाळ, जहाजावर

बाळ,

जहाज सुटलं. मी जहाजावर आहे. आईला मघाशीच निरोप पाठवला, भेट झाली एवढाच. तिनं विचारलं, "गिळलंत का?" मी म्हणालो, "गिळावं लागलंच नाही." तिकडून नुसतं "बरं" आलं.

चिठ्ठ्या तुझ्या हातात द्यायच्या राहिल्या, त्या याच पाकिटात घालतो; आणि पुढचं, तू होतास, तरी लिहितो. तुला तुझ्या बाजूनं दिसलं, माझ्या बाजूनं नाही.

मधल्या स्टेशनवर उतरलो तेव्हा बंदराची गाडी समोर उभी होती, शहराकडूनच आलेली. मी पूल चढून पलीकडे गेलो. मी तुझ्याकडे निघालो नव्हतो, बाळ. परत निघालो होतो. तुला खिडकीपाशी तसाच सोडून. पूल उतरताना मनात तुझी माफी मागत होतो, आणि पाय धावत होते. तुझ्या वाट बघण्यापेक्षा जहाजाची भीती मोठी निघाली. आणि त्यातही बघ, पाय मला कुठं घेऊन गेले? समोर पुढचे डबे रिकामे होते, दारं उघडी होती, आणि मी फलाटाच्या टोकाला, शेवटच्या डब्याकडे धावलो.

मागून कुणीतरी ओरडत येत होतं. मला वाटलं, पोलीस. मी वळलो नाही. खांद्याला हात पडला तेव्हा मी दोन्ही हात वर केले, आठवतं ना? शरण आल्यासारखे. तू म्हणालास, "बाबा, मी आहे मी! चढा आधी, दार लागतंय!"

दार लागल्यावर आपण दोघं नुसते धापा टाकत उभे. तुला दाढी आली आहे. तुझ्या हाताला माझ्यासारखाच वाफेचा डाग आहे, अंगठ्याच्या बुडाशी. समुद्र सुटला पण तुझ्या चादरी काही सुटल्या नाहीत, हॉटेलांच्या धुतोस म्हणालास.

मी विचारलं, "तुला कसं कळलं मी इथं आहे?"

"हिरव्या चिकटपट्ट्यांचा कळप स्टेशनात आला, खिडकीसमोरून गेला. तुम्ही नाही. पुढच्या गाडीचीही वाट बघितली. मग कळलं."

"काय कळलं?"

"की तुम्ही शेपटीला धरून बसला असणार. म्हणून इकडे यायला निघालो. उतरलो तर तुम्ही पुलावर. हाका मारल्या, तुम्हाला ऐकू येईना."

"मशीननं कान गेलेत," मी म्हणालो.

"आई म्हणते, ते तुम्ही सगळ्यांना सांगता."

"मग गाडी एवढी लांब. मला शोधलंस कसं?"

"शोधलं कुठं? सरळ शेवटच्या डब्याकडे पळत आलो."

मग तू माझा हात धरून मला डब्याडब्यातून पुढं नेलंस. मी म्हणत होतो, अरे नको, इथंच बरं आहे. तू म्हणालास, "बाबा, तिकीट सगळ्या गाडीचं असतं." पहिल्या डब्यात, खिडकीशी बसवलंस. मी सगळा वेळ दाराकडे बघत होतो, आता कुणी येईल आणि उठवील. कुणी आलं नाही.

तिथं तू जे सांगितलंस ते मी पुन्हा लिहून काढतो आहे, कारण मला ते शब्दाला शब्द लक्षात ठेवायचं आहे, आणि का ते पुढं सांगतो. रात्रपाळी करून उतरला होतास. शेवटच्या डब्यात बसलास. झोप लागली. अगदी टोकाच्या स्टेशनवर झाडूवाल्यानं उठवलं. परत बंदरात आलास तोवर धक्क्यावर दोर बांधायचे खुंटे तेवढे होते.

मी विचारलं, "जहाज दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग?"

"हाक मारली."

"एवढ्या लांबून? कुणाला?"

तू बाहेर बघत म्हणालास, "तुम्हाला."

तेव्हा मी पाण्याच्या पातळीखाली होतो, बाळ. शिडी उचलेपर्यंत मी वर दारात थांबलो होतो, मग मला खाली पाठवलं. आमच्या खोलीला खिडकी नाही. चादरींचं मशीन सुरू होतं. तू हाक मारलीस तेव्हा मी नक्की काय करत होतो, हे मला कधीच कळणार नाही. एखाद्याची उशीची खोळ उलटी करत असेन.

"दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत का गेला नाहीस?" हे विचारताना माझा आवाज चढला होता, मला कळलं. सवय.

"गेलो होतो. दारापर्यंत. काचेवर माझा फोटो लावला होता, खाली लिहिलं होतं, पळाला. मग आईला फोन केला. आई म्हणाली, बाबांना पटत नाही." तू खिडकीची काच बाहीनं पुसलीस. "तुम्हालाच पटत नाही म्हटल्यावर त्यांना काय पटणार?"

तू म्हणालास, "जाऊ द्या बाबा, झालं ते झालं," आणि खिशातून चेपलेला पाव काढून माझ्या हातात दिलास. मला भूक नव्हती. सगळा खाल्ला.

बंदराच्या स्टेशनबाहेर तू थांबलास. पुढं गेटवर पहारेकरी असतात, तू त्यांच्या नजरेला पडायला नको. तू पाया पडायला वाकलास, आणि मी तुला धड वाकूही दिलं नाही, वेळ झाली वेळ झाली म्हणत पळालो. कोपऱ्यावरून मागं बघितलं तर तू तिथंच उभा. हात वर केलेला. दुसऱ्यांदा तू त्या बंदरात उभा राहून माझ्या जहाजाकडे बघणार होतास. या वेळी मी आत गेल्यावर खाली गेलो नाही. मास्तरला म्हणालो, पोटात दुखतंय, आणि वरच्या मागच्या कठड्याला जाऊन उभा राहिलो. धक्का लहान होत गेला. तू दिसला नाहीस, पण मी हात हलवत होतो. बघितलंस का, कळव.

आता भीतीचं सांगतो, कारण ती अजून गेलेली नाही.

शिडीच्या दाराशी पहारेकऱ्यानं कार्ड मागितलं. मी खिशातून काढलं, शर्टाच्या आत होतं ते धावताना कधी खिशात घातलं कळलं नाही. आणि कार्डाला चिकटून तिकीट बाहेर आलं. शहराचं. पाहुण्यांच्या खिशातून रोज तिकिटं, नाणी, दातकोरण्या काढून ठेवणारा मी, स्वतःचा खिसा तपासायचा विसरलो. त्यानं ते उचललं, वाचलं, माझ्याकडे बघितलं. आडनाव वाचलं, आणि पुन्हा बघितलं. उद्या सकाळी मला वर बोलावलं आहे, मोठ्या साहेबांकडे. मास्तर येऊन कानात म्हणाला, "काका, सांगा की रस्ता चुकलो. मी पण सांगतो, म्हातारा माणूस आहे, गोंधळला."

चांगला पोरगा आहे. पण मी तसं सांगणार नाही.

नोकरी गेली तर जाईल, ती तशीही संपत आली. उरलेल्या फेरीत खोलीत कोंडून ठेवतील, पुढच्या बंदरावरून घरी पाठवतील, कागदावर लाल शेरा मारतील. याची मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू, हे लिहितानाही अंगावर घोंगडी ओढून बसलो आहे, खालच्या पलंगावरचा पियानोवाला विचारतोय, काका, थंडी वाजते का. मघाशी डोळे मिटून दिवा लावायला गेलो. या वेळी ज्योत हलली नाही. थोडा वेळ तिच्याकडेच बघत बसलो.

तू एक कर. शहरात आपल्या देशाची वकिलात आहे. तिथं जा आणि जसं मला सांगितलंस तसंच सांग, झोप, टोकाचं स्टेशन, झाडूवाला, काचेवरचा फोटो. घाबरशील. मीही घाबरलेलाच आहे, दोघं मिळून घाबरू. ते विचारतील, पाच वर्षांनी आता हे कोण मानणार? तेव्हा त्यांना माझं नाव दे, जहाजाचं दे. आणि मी उद्या सकाळी वर तेच सांगणार आहे, पहिल्यापासून, तुझं आणि माझं. त्यांच्याकडे माझं तिकीट आहे. त्यांनी ती गाडी तपासावी, कुठं तुटते ते बघावं.

मला ठाऊक आहे साहेब काय म्हणतील. म्हणतील, तुम्ही वडील आहात, तुम्ही मुलाचीच बाजू घेणार.

मी म्हणेन, साहेब, वडील म्हणून मी पाच वर्षं त्याची बाजू घेतली नाही. आज सांगतोय ते वडील म्हणून नाही सांगत. मी त्या डब्यात बसलो होतो.

बाबा